व्ही-क्रॉस देऊन जुनी स्पोर्ट्स सेडान घ्यायचीय? मग हे सगळं आधी वाचा

सगळ्यात महत्त्वाचं पहिल्यांदाच सांगतो, कारण बाकीचं वाचायचा कंटाळा आला तरी एवढं लक्षात राहिलं पाहिजे. पिकअप (म्हणजे तुमची व्ही-क्रॉस) विकणं आणि सेडान घेणं हे दोन वेगळे व्यवहार आहेत. डीलर त्याचा एकच व्यवहार करतो आणि त्याला एक्सचेंज म्हणतो, आणि तिथेच आपले पैसे जातात.

कसे जातात ते बघा. समजा तुमच्या इसुझू व्ही-क्रॉसची बाजारात १३ लाख किंमत आहे आणि जी स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस तुम्हाला आवडलीय ती सरळ घेतली तर १८ ला मिळेल, म्हणजे वरचे ५ लाख. आता डीलर काय म्हणतो, "साहेब तुमच्या गाडीचे ११ धरतो, आमची साडेएकोणीसची आहे, वरचे साडेआठ द्या आणि आजच घेऊन जा." दोन्ही आकडे वेगवेगळे ऐकले तर फार काही वाटत नाही, दोन-दीड लाख इकडेतिकडे होतातच असं वाटतं, पण एकत्र केले की साडेतीन लाखाचा फरक होतो. (आकडे समजण्यापुरते घेतलेत, तुमच्या गाडीचे वेगळे असतील.) म्हणून डीलरकडे गेलात तरी आधी फक्त सेडानची किंमत बोला, ती कागदावर लिहून घ्या, आणि मगच पिकअपचा विषय काढा. डीलर सारखा "वरचे किती" वर येत असेल तर त्याला परत परत किमतीवर आणायचं.

खरं तर व्ही-क्रॉस डीलरला देऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. सेकंडहँड डीलरला पिकअप म्हणजे मालवाहू गाडी वाटते, गिऱ्हाईक कधी येईल याची खात्री नसते म्हणून तो भाव पाडून मागतो. पण ज्याला ही गाडी हवी असते त्याला दुसरं काही चालतच नाही. बागायतदार, कोकण-गोव्यात होमस्टे चालवणारे, ऑफरोडिंगवाले हे लोक स्वतःहून शोधत येतात आणि नीट ठेवलेल्या गाडीला बरा भाव देतात. फक्त थांबायची तयारी पाहिजे, महिना-दोन महिने जाऊ शकतात.

आधी रस्ता आणि पार्किंग बघा

पिकअपमधून स्पोर्ट्स सेडानमध्ये येणं म्हणजे नुसती गाडी बदलणं नाही, सवयी बदलाव्या लागतात. व्ही-क्रॉस ५.३ मीटर लांब, लॅडर फ्रेम, मागे पाटे, मागचा हौदा रिकामा असला की मागची चाकं खड्ड्यावर उड्या मारतात, पण खड्डा आला म्हणून वेग कमी करायची सवयच राहिलेली नसते. सेडानला ४५ नाहीतर ४० प्रोफाइलचे, म्हणजे बुटक्या बाजूचे, टायर असतात, तोच खड्डा त्याच वेगात घेतला तर टायरला फुगा येतो आणि रिम वाकते. नियमाप्रमाणे स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद पाहिजे, पण आपल्या गावांच्या वेशीवर कसले असतात ते तुम्हाला माहितीच आहे. घरापासून हायवेपर्यंतचा रस्ता एकदा ओळखीच्या कुणाच्या तरी खाली बसणाऱ्या गाडीतून, चार माणसं बसवून पार करून बघा. पोट घासलं तर हा विषय सोडून द्या किंवा फोक्सवॅगनच्या व्हर्टस जीटीसारखी थोडी उंच गाडी बघा, १.५ टीएसआय (टर्बो पेट्रोल इंजिन), १५० पीएस (अश्वशक्ती), मजा तीही देते.

शेतात खत, पाइप, मोटार न्यायची असेल, वर्षातून चारदा जरी, तर त्याचा हिशोब आधी करा. छोटा टेम्पो भाड्याने मिळतो, ते जमत असेल तर ठीक. आणि वेगाच्या अपेक्षेने येत असाल तर मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर लिमिट सपाटीला १०० आणि घाटात ६० आहे, कॅमेरे आहेत. या गाड्यांची मजा टॉप स्पीडमध्ये नाहीच, वळणावर गाडी जशी जमिनीला चिकटून राहते आणि ब्रेक दाबल्यावर जशी सरळ रेषेत थांबते त्यात आहे. पाट्याच्या गाडीतून उतरून आलेल्या माणसाला हा फरक पहिल्याच घाटात कळतो, आणि मला विचाराल तर एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप करण्यासारखा आहे.

व्ही-क्रॉस विकायची तयारी

आरसी काढून गाडीचा क्लास बघा, खाजगी आहे की मालवाहू. व्ही-क्रॉस खाजगीत नोंदवता येते, पण इसुझूच्याच एस-कॅब वगैरे मालवाहूमध्ये असतात आणि त्यांना फिटनेस, टॅक्स सगळं वेगळं, घेणारा माणूसही वेगळा. जाहिरातीत हे आधीच लिहा म्हणजे फालतू फोन येत नाहीत.

कर्ज असेल तर पहिलं ते बंद करा. बँकेकडून एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) घ्या आणि लगेच आरटीओत बोजा उतरवा. बँकेच्या एनओसीवर मुदत असते, साधारण तीन महिने, ती संपली की परत बँकेत खेपा. मग ई-चलन बघा, थकलेलं चलन असेल तर ट्रान्सफर अडकते. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसवून घ्या, त्याशिवाय आरटीओ महाराष्ट्रात ट्रान्सफरचं काम पुढे सरकवत नाही. पीयूसी आणि इन्शुरन्स चालू पाहिजे. ही सगळी कामं गिऱ्हाईक यायच्या आधी झालेली असली की भाव करताना तुमचा आवाज मोठा राहतो.

कॅनॉपी, विंच, जादाचे टायर, लाइटबार हे सगळं काढून वेगळं विका, गाडीबरोबर दिलं तर त्याचे पैसे कुणी देत नाही. पुढे बुलबार असेल तर काढाच, २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलेलं आहे. इंजिन चकाचक पॉलिश करून ठेवू नका, जाणत्या माणसाला संशय येतो. त्याऐवजी गाडी लिफ्टवर घेऊन चासीचे, डिफरन्शियलचे, हौद्याच्या खालच्या बाजूचे फोटो काढा आणि जाहिरातीत टाका, गंज नाही हे दिसलं की अर्धा सौदा तिथेच होतो. बीएस६ मॉडेल असेल तर डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागत नाहीये ना ते बघा, फक्त शहरात फिरलेल्या गाडीत तो चोंदतो, त्यामुळे दाखवायच्या आधी एकदा लांबचा हायवे मारून आणा.

वेळेचं म्हणाल तर डिसेंबर संपायच्या आत विका. जानेवारी लागला की गाडी कागदावर एक वर्षाने म्हातारी होते. दसरा-दिवाळीला मागणी बरी असते.

गाडी दिली म्हणजे जबाबदारी संपली असं नाही

इथे लोक फार निष्काळजीपणा करतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. नुसत्या सह्या करून फॉर्म दिले, पैसे घेतले, चावी दिली, आणि समोरच्याने गाडी नावावर करूनच घेतली नाही, तर कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या केसमध्ये हे अगदी स्वच्छ सांगितलंय, गाडी पुढे दोन-तीन हातांत गेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते. 

म्हणून फॉर्म २९ (विकल्याची सूचना) आणि फॉर्म ३० (ट्रान्सफरचा अर्ज) यावर कोऱ्या सह्या देऊ नका, नाव, पत्ता, तारीख सगळं भरून घ्या. विक्रीची सूचना राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत द्यायची असते. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते आणि मुदत ४५ दिवसांची. डिलिव्हरी नोट करा, त्यात तारीख तर हवीच, वेळ पण लिहा, किलोमीटर लिहा, दोघांच्या सह्या आणि आधारची कॉपी जोडा. अर्ज पोर्टलवर भरला की त्याची पावती तुमच्याकडे ठेवा आणि नाव बदललं का ते एमपरिवहनवर मधूनमधून बघत राहा.

डीलरलाच देत असाल तर तो आरटीओचा अधिकृत डीलर आहे का विचारा. १ एप्रिल २०२३ पासून नियम आहे, अधिकृत डीलरला गाडी दिली की फॉर्म २९सी ऑनलाइन भरायचा, म्हणजे गाडी त्याच्या ताब्यात गेल्याची नोंद होते. "त्याची काय गरज नाय साहेब, आमचा एजंट बघतो" असं कुणी म्हटलं तर दुसरा डीलर बघा.

पैसे बँकेतून, आणि खात्यात जमा झालेले दिसल्यावरच चावी. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे, दंड घेणाऱ्याला होतो.

अजून एक, जे बरेच जण विसरतात. इन्शुरन्सचा नो क्लेम बोनस (एनसीबी) हा गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत असतो. गाडी विकल्यावर विमा कंपनीकडून एनसीबी राखून ठेवल्याचं पत्र मागा, ते तीन वर्षं चालतं आणि सेडानच्या ओन डॅमेज प्रीमियममध्ये तेवढी सूट मिळते. महागड्या सेडानवर ही रक्कम चांगली भरते.

कुठली सेडान

माझी पहिली पसंती ऑक्टाव्हिया आरएस २३०. २०१७ मध्ये आली, २.० टीएसआय, २३० पीएस, ३५० न्यूटन मीटर, आणि गिअरबॉक्स सहा स्पीडचा ओल्या क्लचचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक, ओला म्हणजे क्लच ऑइलमध्ये). आरएस २४५ नंतर २०२० मध्ये आली, २०० च गाड्या, त्यामुळे मिळाली तर भाव चढाच असतो. आरएसच्या किमती फार पडत नाहीत हा घेताना तोटा आणि विकताना फायदा. मागे डिकी एवढी मोठी आहे की पिकअपवाल्या माणसालाही फार अडचण होत नाही.

साधी ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय, १८० पीएस, बजेटमध्ये बसते, पण तिचा सात स्पीडचा डीएसजी कोरड्या क्लचचा आहे. ट्रॅफिकमध्ये तापतो, मेकॅट्रॉनिक (गिअरबॉक्स चालवणारं कंट्रोल युनिट) गेलं तर बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. रोज पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये रांगायचं असेल तर मी तरी टाळेन.

बीएमडब्ल्यू थ्री सिरीज (एम३४०आय सोडून) मागच्या चाकांवर चालते, स्टिअरिंगची मजा वेगळीच, आणि झेडएफचा आठ स्पीड गिअरबॉक्स उत्तम आहे. जुन्या ३२०डी मधलं एन४७ इंजिन असेल तर टायमिंग चेन नीट तपासा, ती इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे, बदलायची तर गिअरबॉक्स किंवा इंजिन उतरवावं लागतं आणि मजुरीच डोळे पांढरे करते. पेट्रोल ३३०आय जास्त बरी. रनफ्लॅट (पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे) टायर असतील तर स्टेपनी नसते हे लक्षात ठेवा, आणि टायर महाग. एम३४०आय जमत असेल तर घ्या, सुरुवातीच्या गाड्यांना ३८७ अश्वशक्ती, पण तो बजेटचा वेगळाच डोंगर आहे.

गाडी बघायला जाताना

मालकाला आदल्या दिवशीच सांगा, "दादा, मी यायच्या आधी गाडी चालू करू नका." गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर विचारा का, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा, कारण गार इंजिन चालू होतानाचे पहिले दोन-तीन सेकंद हेच खरं बोलतात. एका माणसाला सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही बॉनेट उघडून कान लावा. चेनचा खडखडाट, साखळी हलवल्यासारखा, येतो आणि बंद होतो, तो ऐकू आला तर चेन किंवा टेन्शनरचं काम आहे. मागे निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. कूलंटची पातळी बघा, आणि टीएसआय इंजिनमध्ये थर्मोस्टॅट-वॉटरपंपच्या प्लास्टिक हाउसिंगच्या आसपास टॉर्च मारून सुकलेल्या कूलंटचे गुलाबी डाग दिसतात का बघा. तिथे गळती ही या इंजिनची ओळखीची तक्रार आहे, दुरुस्त होते, पण किमतीतून वजा करून घ्या.

मग चालवायला घ्या, कमीत कमी पाऊण तास, आणि मुद्दाम गर्दीत. डीएसजी गार असताना छान चालतो, गरम झाल्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झटका देतो का, चढावर रिव्हर्स घेताना थरथरतो का ते बघायचं. ओल्या क्लचच्या सहा स्पीड डीएसजीचं ऑइल दर ६०,००० किलोमीटरला बदलावं लागतं, त्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेलं नाही असं धरा.

स्कॅनर लावणारा माणूस बरोबर न्या, नेहमीच्या गॅरेजचा नाही, या ब्रँडवर काम करणारा. नुसते फॉल्ट कोड नाहीत म्हणजे गाडी ठीक असं नसतं, बरेच जण दाखवायच्या आधी कोड पुसतात. तेव्हा रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते दाखवणारी यादी) बघायला सांगा, कोड नुकतेच पुसले असतील तर ते अपूर्ण दाखवतात, गाडी काही दिवस चालल्याशिवाय पूर्ण होत नाहीत. किलोमीटरही वेगवेगळ्या मॉड्यूलमध्ये साठवलेले असतात, मीटर मागे फिरवला असेल तर कुठेतरी आकडा जुळत नाही. आणि रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल) झालाय का विचाराच. आरएसवाल्यांमध्ये स्टेज वन, म्हणजे पहिल्या पायरीचा रिमॅप, फार जणांनी केलेला असतो, नीट केलेला असेल तर वाईटच असं नाही, पण क्लच आणि टर्बोवर ताण जास्त पडलेला असतो आणि विमा कंपनीला सांगितलेलं नसेल तर क्लेमला अडचण येते.

टायरवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे बघा, २३२१ म्हणजे २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यातला. चारही वेगवेगळ्या कंपनीचे असतील तर मालकाने पैसे कुठे वाचवले ते कळतं. गाडी लिफ्टवर घ्या, रिम आतून वाकली आहे का, खालचं कव्हर तुटलंय का. पेंटची जाडी मोजायचं यंत्र स्वस्तात मिळतं, सगळीकडे शंभर-दीडशे मायक्रॉन आणि एका दरवाज्यावर चारशे असेल तर तिथे पुट्टी आहे.

पुरातली गाडी हा आपल्याकडचा मोठा धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली, जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड, कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, तळाशी चिखलाची रेघ दिसते का बघा. स्टेपनीच्या खड्ड्यात, डॅशबोर्डखालच्या फ्यूजबॉक्समध्ये, सीटच्या रुळांवर, वायरच्या कनेक्टरमध्ये बारीक माती असेल तर कितीही स्वस्त असली तरी सोडा. इतकी इलेक्ट्रॉनिक्स असलेली गाडी पाण्यानंतर सरळ होत नाही.

दिल्लीची स्वस्त गाडी

दिल्ली-हरियाणाच्या थ्री सिरीज आपल्यापेक्षा दोन-तीन लाखांनी स्वस्त दिसतात. २०२५ पर्यंत तिकडे दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांच्या मागे ससेमिरा लागलेला असायचा म्हणून मुदत जवळ आली की लोक विकायचे. पण परराज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर नवीन नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा वाहन कर भरावा लागतो. २० लाखांवरच्या गाडीला इथे पेट्रोलला १३ आणि डिझेलला १५ टक्के दर आहे, जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होतो, तरी रक्कम दणदणीत होते. तिकडचा भरलेला टॅक्स परत मिळवायला खेटे घालावे लागतात ते वेगळंच. हा सगळा हिशोब केल्यावर बहुतेक वेळा एमएच पासिंगची नीट गाडीच स्वस्त पडते.

पैसे कसे मांडायचे

गाडीची किंमत, ट्रान्सफर, इन्शुरन्स एवढ्यावर थांबू नका. पहिल्या वर्षासाठी दीड-दोन लाख वेगळे ठेवा आणि गाडी तेवढीच घ्या जेवढी हे पैसे बाजूला ठेवून परवडते. चार टायर, ब्रेक डिस्क-पॅड, बॅटरी, गिअरबॉक्स ऑइल, डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर साचलेला कार्बन साफ करणं, यातलं निम्मं तरी पहिल्या वर्षात निघतंच. जुन्या गाडीचं कर्ज नव्या गाडीपेक्षा महाग असतं, म्हणून पिकअपचे आलेले पैसे पूर्ण भरा आणि कर्ज कमीत कमी घ्या. पेट्रोलचा खर्च वाढेल, आणि एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी असेल तर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) बद्दल कंपनीचं म्हणणं मॅन्युअलमध्ये आणि टाकीच्या झाकणाच्या आत वाचा, ऑक्टेनही तिथेच लिहिलेला असतो.

गाडी घरी आल्यावर

इन्शुरन्स तुमच्या नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत द्या, आणि राखून ठेवलेलं एनसीबीचं पत्र त्याच वेळी जोडा. दोन्ही चाव्या घेतल्या का बघा, या गाड्यांची एक डुप्लिकेट चावी प्रोग्रॅमिंगसकट चांगलीच महाग पडते. व्हील लॉकचं सॉकेट डिकीत आहे का तेही बघा, ते नसेल तर पंक्चरच्या दिवशी कळतं. जुन्या व्ही-क्रॉसचा फास्टॅग बंद करा, नाहीतर नवा मालक टोलवरून जाईल आणि पैसे तुमच्या खात्यातून कापले जातील. सेडानमध्ये कंपनीचं ॲप चालत असेल तर आधीच्या मालकाला त्याचं खातं काढायला सांगा, नाहीतर गाडी कुठे उभी आहे ते त्याला दिसत राहतं.

नवीन आरसी आली की चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी एक एक अक्षर लावून बघा, बोजाचा रकाना बघा, पत्ता बघा. काही चुकलं असेल तर लगेच आरटीओत दुरुस्तीचा अर्ज द्या. आणि व्ही-क्रॉसची डिलिव्हरी नोट, फॉर्म २९ ची कॉपी आणि अर्जाची पावती ही फाइल एमपरिवहनवर नवीन मालकाचं नाव दिसेपर्यंत तर टाकू नकाच, त्यानंतरही काही वर्षं कपाटात राहू द्या.